स्क्रीन मागे फिरवली म्हणून टॅबलेट होत नाही

घरातला टॅबलेट म्हातारा झाला की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर हा सल्ला येतोच: “आता टॅबलेट घेऊच नका. थोडे पैसे आणखी घाला आणि टू-इन-वन लॅपटॉप घ्या. स्क्रीन मागे फिरवली की झाला टॅबलेट. अ‍ॅप तीच, पेन कुठलंही चालतं, बॅटरीही तेवढीच, आणि दोनाऐवजी एकच वस्तू सांभाळायची.” सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं पैसे भरल्यावर कळतं.

“स्क्रीन फिरवली की झाला टॅबलेट.” आधी वजन बघा. अकरा इंची साधा आयपॅड ४८० ग्रॅमच्या आसपास भरतो. ३६० अंशांत फिरणारा चौदा इंची लॅपटॉप साधारण १.४ ते १.६ किलोचा, म्हणजे तिप्पट. बिजागरी कितीही सुबक असली तरी कीबोर्ड आणि मोठी बॅटरी कुठे जात नाहीत. स्क्रीनच्या पाठीला चिकटून त्याही हातात येतात. १८० अंशांच्या पुढे गेल्यावर कीबोर्ड आपोआप बंद होतो, त्यामुळे भलतंच टाइप होत नाही, पण बोटांना त्या कळा लागत राहतात. लेनोव्होने २०१२मध्ये आणलेला तेरा इंची योगाही दीड किलोच्या आसपास होता. तेव्हापासून प्रोसेसर कुठल्या कुठे गेले, मनगटं तीच आहेत. अंथरुणात पडून वाचायचं असेल किंवा गाडीत उभ्याने एका हातात धरायचं असेल, तर हा प्रकार विसरा. दुकानात तो पूर्ण उलटा करून निदान दहा मिनिटं हातात धरा, विक्रेता वैतागला तरी चालेल.

कीबोर्ड वेगळा निघणारे लॅपटॉप यापेक्षा बरे. मायक्रोसॉफ्टचा तेरा इंची सरफेस प्रो कीबोर्डाविना सुमारे ९०० ग्रॅमचा आहे. पण मागचा स्टँड उघडून तो मांडीवर टेकवायचा, म्हणजे तोल सांभाळण्यातच अर्धं लक्ष.

टेबलावर मात्र चित्र उलटं होतं, आणि टू-इन-वनला सरसकट नावं ठेवणारे हे सांगत नाहीत. १६:१० प्रमाणातली चौदा इंची स्क्रीन उभी केली की रुंदी जवळपास १९ सेंटिमीटर मिळते. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे पान मूळ आकाराच्या ९० टक्के दिसतं. अकरा इंची टॅबलेटवर तेच पान ७५ टक्क्यांच्या आसपास येतं. दिवसभर पीडीएफवर खुणा करणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा वकिलाला हा फरक मोठा आहे. त्यांच्यासाठी सल्ला बरोबर आहे.

“अ‍ॅप तीच.” नाहीत. विंडोज ११वर अँड्रॉइड अ‍ॅप चालवण्याची जी सोय मायक्रोसॉफ्टने दिली होती, ती मार्च २०२५मध्ये त्यांनीच बंद केली. नेटफ्लिक्सच्या विंडोज अ‍ॅपमधून डाउनलोडची सोय २०२४मध्ये गेली, त्यामुळे प्रवासात बघायला मालिका भरून घेणंही संपलं. विंडोज १०मध्ये वेगळा टॅबलेट मोड होता, तोही ११मध्ये काढून टाकला. अ‍ॅप हीच मुख्य गरज असेल, तर फिरणाऱ्या स्क्रीनचं क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, बघा. बहुतेक नव्या क्रोमबुकवर प्ले स्टोअर चालतं. गूगलने २०२३मध्ये दहा वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं आहे. फक्त ती वर्षं तुम्ही विकत घेतल्या दिवसापासून मोजत नाहीत, आतलं हार्डवेअर बाजारात आल्यापासून मोजतात. सवलतीतलं जुनं मॉडेल घेताना अपडेट कधी संपतात ते आधी तपासा.

“पेन कुठलंही चालतं.” सगळ्यात जास्त पैसे याच वाक्यामुळे वाया जातात. अ‍ॅपल पेन्सिल आयपॅडलाच चालते. सॅमसंग टॅबचं एस पेन वाकॉम या पेन बनवणाऱ्या कंपनीच्या ईएमआर तंत्रावर चालतं, त्याला बॅटरीही लागत नाही. विंडोज लॅपटॉपांत मात्र बहुतेक ठिकाणी मायक्रोसॉफ्टचं एमपीपी किंवा वाकॉमचंच एईएस हे दुसरं तंत्र असतं. क्रोमबुकवाल्यांचं यूएसआय आणखी वेगळं. एकाचं पेन दुसऱ्याच्या स्क्रीनवर सहसा उमटतच नाही. रबरी टोकाची स्वस्त कांडी सगळीकडे चालते, कारण स्क्रीनच्या लेखी ती बोटच असते. दाब ओळखणं नाही, लिहिताना टेकलेला तळहात वेगळा काढणं नाही. काही लॅपटॉपांत नुसता टच असतो, खऱ्या पेनाची सोयच नसते, आणि खोक्यात पेन असेलच असंही नाही. मॉडेलच्या माहितीत यातलं नेमकं कुठलं तंत्र लिहिलंय ते वाचा आणि दुकानात पट्टीला धरून एक तिरकी रेघ सावकाश ओढून बघा. ती लाटेसारखी आली, तर चित्रकाराने तिथूनच परत फिरावं.

“बॅटरीही तेवढीच.” कामाच्या तासांपुरतं मान्य. झाकण मिटून ठेवल्यावर काय होतं ते कुणी सांगत नाही: टॅबलेट कपाटात आठवडाभर पडून राहिला तरी बहुधा जिवंत असतो, तर इंटेलवाले कित्येक लॅपटॉप झोपेतही बॅटरी पितात. २०२४पासून आलेले स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे लॅपटॉप यात बरेच सुधारलेत.

“एकच वस्तू सांभाळायची.” एकट्या माणसाला ठीक आहे. घरात आजीचा व्हिडिओ कॉल आणि तुमची एक्सेल शीट एकाच वेळी चालू असतात, तिथे एकच वस्तू म्हणजे रोजचं भांडण. शिवाय या लॅपटॉपांत टचची काच बहुधा डिस्प्लेला चिकटवलेली असते, त्यामुळे काच तडकली की सहसा अख्खा पॅनेल बदलावा लागतो. दुरुस्ती होईपर्यंत लॅपटॉप नाही आणि टॅबलेटही नाही. घ्यायचाच असेल, तर वाढीव वॉरंटीच्या कागदात अपघाताने फुटलेली स्क्रीन धरली आहे का, एवढं बिल करण्याआधी वाचून घ्या.