शेपूट पाहून शब्दाची जात कळत नाही

इंग्रजी शब्दांच्या जाती झटपट ओळखायला शिकवणारा एक तक्ता विद्यार्थ्यांमध्ये सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक शब्दाची जात ठरलेली असते, शेवटी 'एलवाय' आलं की क्रियाविशेषण, 'आयएनजी' आलं की क्रियापद, 'इन', 'अप', 'बिफोर' ही कायमची प्रिपोझिशन्स, आणि अडलंच तर मराठी अर्थ लावून पाहा. यातला एकही नियम भरवशाचा नाही.

जात ठरते ती वाक्यातल्या कामावरून. 'दॅट' घ्या. 'दॅट बुक इज ओल्ड' यात तो 'बुक'बद्दल सांगतो, म्हणून विशेषण (नवी व्याकरणं त्याला डिटर्मिनर म्हणतात). 'दॅट इज ओल्ड' यात नामाच्या जागी आलेलं सर्वनाम. 'आय नो दॅट ही लेफ्ट' यात दोन वाक्यं जोडणारं उभयान्वयी अव्यय. 'इट इज नॉट दॅट ओल्ड' यात किती जुनं ते सांगणारं क्रियाविशेषण. स्पेलिंग एक, जाती चार. म्हणून सुटा शब्द देऊन जात विचारणं हा प्रश्नच अपुरा आहे.

'एलवाय'चं पाहू. 'क्विक'सारख्या विशेषणाला ते लागलं तर बहुधा क्रियाविशेषण होतं. पण नामाला लागलं की सहसा विशेषण होतं: फ्रेंडली, कॉस्टली, लव्हली. 'फॅमिली' तर नाम आहे आणि 'रिलाय' क्रियापद. तक्ता पाठ केलेला मुलगा मग 'ही स्पोक फ्रेंडली' लिहितो; हवं असतं 'इन अ फ्रेंडली वे'. उलट 'शी वर्क्स हार्ड' मधलं 'हार्ड' शेपटीशिवायच क्रियाविशेषण आहे. तिथे 'हार्डली' घातलं तर ती जेमतेमच काम करते, असा अर्थ होतो.

'स्विमिंग इज गुड एक्सरसाइज' यात 'इज' आणि 'आयएनजी' एकत्र दिसले की चालू वर्तमानकाळ लिहून मोकळे होतात. 'स्विमिंग'च्या जागी 'इट' ठेवा: वाक्य उभं राहतं, म्हणजे ते नामाचं काम करतंय. 'द चाइल्ड इज स्लीपिंग' यात मात्र खरंच क्रियापद आहे.

'बिफोर'साठी त्याच्या पुढे काय आहे तेवढं बघा. पुढे नाम किंवा सर्वनाम असेल ('बिफोर लंच') तर प्रिपोझिशन. कर्ता आणि क्रियापद दोन्ही असतील ('बिफोर ही लेफ्ट') तर उभयान्वयी. काहीच नसेल ('आय हॅव सीन हिम बिफोर') तर क्रियाविशेषण. 'आफ्टर' आणि 'सिन्स'लाही हीच चाचणी लावा. 'अप'ची गंमत वेगळी. 'लुक अप द वर्ड' चं 'लुक द वर्ड अप' होतं, पण 'वॉक्ड अप द हिल' चं 'वॉक्ड द हिल अप' होत नाही. जे सरकतं ते क्रियापदाचा भाग असतं, प्रिपोझिशन नव्हे.

सगळ्यात जास्त घात करतो तो मराठी अर्थ. 'आय ॲम हंग्री' म्हणजे मला भूक लागली आहे. 'भूक' नाम, म्हणून 'हंग्री'ही नाम, असं उत्तर येतं. पण 'व्हेरी हंग्री' म्हणता येतं, 'हंग्रीअर' होतं: ते विशेषण आहे, नाम 'हंगर'. 'अंडर द टेबल' म्हणजे टेबलाखाली. 'खाली' हे शब्दयोगी अव्यय, इथे जोडी जमते. पण 'इन द हाउस' म्हणजे घरात, आणि 'त' हा सप्तमीचा प्रत्यय आहे. मराठीत तिथे वेगळा शब्दच नाही, मग जात कशाशी जुळवणार?

सुरुवात क्रियापदापासून करा. वाक्य भूतकाळात न्या. जो शब्द बदलेल ते क्रियापद. 'कट', 'पुट' बदलत नाहीत, तिथे वर्तमानकाळातच कर्ता 'ही' करून 'एस' लागतो का ते पाहा. 'द ओल्ड मॅन द बोट' हे वाक्य पहिल्या वाचनात तुटकं वाटतं. भूतकाळात न्या: 'द ओल्ड मॅन्ड द बोट'. बदलला तो 'मॅन', म्हणजे होडी चालवायला माणसं पुरवणं हे क्रियापद. मग 'द ओल्ड' उरतं ते कर्ता म्हणून: वृद्ध माणसं.