गोळ्या चालू आहेत

सोलापुरात माणूस एक तर पितो, नाहीतर माळकरी असतो. मधल्या माणसाला बसायला खुर्ची नाही. मी बरीच वर्षं त्या मधल्या जागेत उभा होतो. शनिवारी रात्री, जेवणाआधी, स्कॉचचा एक पेग. तोही तासभर पुरवून.

पिणाऱ्याला आपल्याकडे सांभाळून घेतात. त्याला घरी पोचवतात, वहिनींची समजूत काढतात. न पिणाऱ्याला तर मानच असतो, त्याच्यासाठी वेगळं कोल्ड्रिंक मागवतात. एक पेगवाल्याचं काय करायचं, हे मात्र कुणालाच कळत नाही. "औषध घ्यायलास का बे?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला की पुढे पुढे नुसतं "होय की" म्हणायला लागलो. शिवाय बिल आलं की भागाकार समान. खंबा त्यांचा, पेग माझा, चकण्यातले शेंगदाणेसुद्धा त्यांनीच संपवलेले, पण वर्गणी डोक्यावर.

त्यात स्कॉच हे प्रकरण आमच्या गावाला मुळीच सोसणारं नाही. पुण्याचा भाचा परदेशातून येताना ड्यूटी फ्रीमधली बाटली आणायचा आणि तिच्याबरोबर ज्ञानही आणायचा. त्या ज्ञानाला मात्र दोन लिटरची मर्यादा नव्हती. "मामा, बर्फ नाही घालायचा. आधी नुसता वास घ्यायचा. मग पाण्याचे चार थेंब टाकायचे, म्हणजे सुगंध मोकळा होतो."

पाण्याचे! उजनी धरण काठोकाठ भरलेलं असो की उघडं पडलेलं, आमच्या नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा भरून ठेवतात. अशा घरात मी सुगंध मोकळा करायला पाणी मागितलं. हिने तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "चार म्हणजे चारच. उरलेलं तुळशीला."

एकदा भाच्याने स्कॉटलंडच्या आयला नावाच्या बेटावरची बाटली आणली. (नाव खरंच तसं आहे, मी कुणाला काही म्हणत नाही.) तिथे दलदलीतलं पीट, म्हणजे कुजून साचलेली झाडंझुडपं, वाळवून जाळतात आणि त्या धुरावर मोड आलेली बार्ली सुकवतात. तो धूर पुढे बाटलीत उतरतो. मला तो वास फार आवडायचा. मेव्हण्याने ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि विचारलं, "दाजी, ही प्यायची की ढोपराला लावायची?"

त्याचं अगदीच चुकलं असं नाही. आपल्या सरकारचंही काहीसं तेच मत आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो आणि तो मिळतो आरोग्य टिकवण्यासाठी. माझ्याकडे आजीवन परवाना आहे. आजीवन! आमच्या घराण्यात इतकी लांबची हमी आजवर एलआयसीनेही कुणाला दिलेली नाही. त्याच कपाटात मी २०२३ सालचं एक कात्रणही जपून ठेवलंय. त्यात जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दारूचा कुठलाही घोट आरोग्याला सुरक्षित नाही. दोन्ही कागद एकमेकांना चिकटून पडलेले असतात.

पण मी सोडली ती त्या कात्रणामुळे नाही. यकृत ठणठणीत आहे, साखर नाही, कुणी शपथ घातलेली नाही. घोट आवडायचा, अजूनही आवडेल. पण गुरुवारपासूनच शनिवारची वाट बघायला लागलो होतो, ते आवडेनासं झालं. एका पेगने माझे तीन दिवस अडवून ठेवावेत, हा भाव मला परवडेना. म्हणून बंद केली. एवढंच.

हे 'एवढंच' सोलापुरात कुणालाही पटत नाही.

सुरुवातीला बरं गेलं, कारण मी सोडली आषाढात. त्याच सुमाराला भारत-ब्रिटन व्यापार करार झाला. स्कॉचवरचं दीडशे टक्के आयात शुल्क आधी पंचाहत्तरवर आणि पुढे दहा वर्षांत चाळीसवर आणायचं ठरलं. सही झाली २४ जुलै २०२५ला. पंचांग काढून बघा, त्या दिवशी आषाढी अमावस्या होती. म्हणजे गटारी! मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, दोन देशांनी गटारीचा मुहूर्त साधला आणि तुम्ही सोडताय? धंदा कळत नाही तुम्हाला." पुढे श्रावण लागला, मग गणपती बसले. कुणी काही विचारलं नाही. त्या दिवसांत सगळेच माझ्यासारखे असतात.

गणपती उठले आणि चौकशी बसली.

"साखर निघाली का?" नाही. "बीपी?" नाही. "घरात काही झालंय का?" नाही. एकाने बोलता बोलता माझ्या शर्टाचं वरचं बटण उघडून तुळशीची माळ शोधली. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे शंका रास्त होती. माळ सापडली नाही तसा तो जास्तच काळजीत पडला. मी म्हणालो, "अरे, नको वाटतं, म्हणून नाही घेत." तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "रिपोर्ट कुठल्या लॅबचे आहेत? दुसरीकडे दाखवू या की."

घरीही तीच तऱ्हा. हिने आधी आनंदाने शिरा केला आणि आठवडाभराने दार लावून विचारलं, "खरं सांगा, डॉक्टर काय म्हणाले?"

शेवटी मी इतिहासाला हाक मारली. म्हटलं, १९३०च्या सत्याग्रहात याच सोलापुरात लोकांनी शिंदीची झाडं तोडली. इंग्रजांनी इथे मार्शल लॉ लावला, तरी हे गाव हटलं नाही. आमच्या बैठकीतले अण्णा शांतपणे म्हणाले, "ती शिंदी होती. ही तोडायला स्कॉटलंडला जावं लागेल."

हिवाळ्यात अण्णांच्या मंगळवेढा रोडवरच्या मळ्यात हुरड्याला बसायचं ठरलं. आता माझं महत्त्व वाढलं होतं, कारण ड्रायव्हर मिळाला होता. घरात शिल्लक राहिलेली अठरा वर्षांची बाटली मीच बरोबर नेली. ठेवून करणार काय? स्कॉचचं वय पिंपात वाढतं, बाटलीत नाही. कपाटात ठेवली तर वय फक्त आमचं वाढणार.

अठरा वर्षांची म्हणजे तिच्यातली सगळ्यात कोवळी व्हिस्कीही ओकच्या पिंपात अठरा वर्षं काढून आलेली. दरवर्षी साधारण दोन टक्के हवेत उडून जाते. तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. (सोलापूरच्या मे महिन्यात पिंप ठेवलं, तर देवदूत होटगी रोडला आडवे सापडतील.) हे सगळं मी सांगत होतो आणि मेव्हणा मान डोलावत ऐकत होता. मान डोलावता डोलावताच त्याने पाऊण ग्लास थम्सअप ओतलं. अठरा वर्षं फसफसून वर आली. पिणाऱ्याला निदान दुसऱ्या घोटाला दुःख विसरता येतं. मला सगळं लख्ख दिसत होतं.

मग ग्लास माझ्याकडे सरकले. "एक घे की बे." "नुसता ओठाला लाव." मी तोंड उघडणार तोच अण्णांना माझी दया आली. ते मोठ्याने म्हणाले, "त्याला कुणी आग्रह करू नका. गोळ्या चालू आहेत."

काय सांगू, चमत्कार झाला. सगळे गप्प. एकाने पाठीवरून हात फिरवला, एकाने पाठीशी उशी दिली. इतके महिने खरं सांगून जे जमलं नव्हतं ते तीन शब्दांत झालं. मी कृतज्ञतेने अण्णांकडे बघितलं आणि तेवढ्यात चुलीवरचं मटण उतरलं. वर लाल तवंग, खाली नळी. मी ताट पुढे केलं.

"त्याला नको रे!" मेव्हणा ओरडला. "दाजींच्या गोळ्या चालू आहेत. तिखट, तेल, सगळं बंद असेल. त्यांना दही-भाकरी वाढा. आणि दही जरा आंबट नाही ना, बघा."