लवचिक व्हा, मोडलात तरी चालेल

शिकता शिकता दुकानात पार्ट-टाइम काम धरलंत, अभिनंदन! जाहिरातीत ‘फ्लेक्झिबल तास’ असं लिहिलं होतं आणि तुम्हाला वाटलं, चला, कॉलेज सांभाळून चार पैसे मिळतील. तास फ्लेक्झिबल असतात, यात खोटं काहीच नाही. कुणाच्या सोयीने, एवढंच लिहायचं राहून जातं. या क्षेत्रात मी पुरेशी भाजून निघालेय. तेव्हा नवख्यांसाठी काही सूचना.

उपलब्धतेचा फॉर्म मन लावून भरा. मंगळवारी आणि गुरुवारी प्रॅक्टिकल असतं, असं ठळक अक्षरात लिहा. तुम्ही नेमके कधी अडकलेले असता हे मॅनेजरला कळल्याशिवाय तो मंगळवार-गुरुवारची शिफ्ट लावणार कशी?

वेळापत्रक लागलं की लगेच स्क्रीनशॉट काढा. ते रविवारी रात्री लागतं आणि आठवडा सोमवारी सकाळी सुरू होतो. मधल्या वेळात झोप, अभ्यास, दातांचा डॉक्टर आणि सबमिशन यांची सांगड घालायची. सोमवारी दुपारी वेळापत्रक बदलतं. स्क्रीनशॉट तेव्हा कामाला येत नाही, पण आठवण म्हणून बरा असतो.

फोन अंघोळीलाही सोबत न्या.

झोपेचे लाड करू नका. रात्री शटर खाली आल्यावर ट्रायल रूममधल्या कपड्यांचा ढिगारा घडी घालून जागेवर लावा, कॅश जुळवा, घरी जाऊन पाठ टेका आणि उजाडताच माल उतरवायला हजर व्हा. अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात २०१७ पासून मोठ्या दुकानांतल्या कर्मचाऱ्याला दोन शिफ्टमध्ये १० तासांचं अंतर नसेल तर सरळ नकार देता येतो, आणि तो तयार झालाच तर त्या कमी पडलेल्या विश्रांतीच्या तासांसाठी दीडपट पैसे मिळतात. लाडावलेली माणसं! आपल्याला दहा तास मिळाले तर आपण त्यांचं करणार काय, झोपणार?

आता मुख्य धडा. शिफ्ट रद्द झाली तर हसत स्वीकारा.

गेल्या शनिवारचंच घ्या. त्या दिवशीच्या शिफ्टसाठी मी प्रॅक्टिकलची बॅच बदलून घेतली होती. बॅच बदलणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. बस दुकानाच्या वळणाला आली आणि मेसेज आला, ‘आज गर्दी कमी आहे, येऊ नकोस. रेस्ट घे!’ पुढे एक हसरा चेहरा. रेस्ट! बसभाडं गेलं, बॅच गेली, दिवसाची कमाई गेली, आणि बदल्यात मला रस्त्याच्या कडेला उभी राहून रेस्ट मिळाली. मी शहाण्यासारखा अंगठा पाठवला. संध्याकाळी पुन्हा मेसेज, ‘अचानक रश आहे, लगेच येशील का?’ तोवर दुसऱ्या दिवशीच्या सबमिशनला बसले होते, म्हणून नाही म्हणाले. त्यावर हसरा चेहरा आला नाही. या आठवड्यात माझे तास निम्मे लागले आहेत.

याला शिक्षा म्हणायचं नाही हं. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘सिस्टीमने लावलंय.’ सिस्टीम मागची विक्री बघते, हवामान बघते, किती माणसं दारातून आत येतील याचा अंदाज बांधते आणि पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडून माणसं लावते. विक्रीच्या किती टक्के पगारावर गेले, यावर मॅनेजरची हजेरी घेतली जाते. दुपारी विक्री घसरली की त्याच्या हातात कापण्यासारखं एकच असतं. दुकानाचं भाडं कापता येत नाही, दिवे मालवता येत नाहीत, एसी बंद करता येत नाही. मी कापता येते. इथपर्यंत सगळं मला समजतं. पण सिस्टीमला माझा नकार कसा कळला? मी सिस्टीमला नाही म्हणाले नव्हते, सरांना म्हणाले होते. आणि धंदा म्हटला की कधी गर्दी, कधी शुकशुकाट. तो धोका पत्करतो म्हणूनच नफ्यावर मालकाचा हक्क, असं आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातही लिहिलंय. मग शुकशुकाट झाला की तो माझ्या पर्समधून वसूल का होतो? गर्दीच्या दिवशी माझ्या वाट्याला जादा काय येतं? पाय सुजतात, तेवढंच!

जाऊ दे. सल्ला देताना आवाज चढवू नये.

घरमालकालाही फ्लेक्झिबल भाड्याबद्दल विचारून पाहा.

परदेशात शिकत असाल तर या खेळात आणखी मजा आहे. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास, अशी कामाची मर्यादा असते. ती कमाल मर्यादा आहे, किमान किती तास मिळतील याची हमी तिथे कुणी देत नाही. ब्रिटन-कॅनडात एका आठवड्यात सहा तास मिळाले म्हणून राहिलेले तास पुढच्या आठवड्यात वापरता येत नाहीत. सेलच्या आठवड्यात मात्र मॅनेजर खांद्यावर हात ठेवून म्हणणार, ‘अॅडजस्ट कर ना थोडं.’ व्हिसा त्याचा नसतो, तेव्हा त्याने घाबरायचं काही कारण नाही.

थोरामोठ्यांचं ऐका. ते सांगतील, अनुभव मिळतो, जग कळतं. खरंच कळतं. मला तर फार लवकर कळलं. बायोडेटात ‘दबावाखाली काम करण्याची क्षमता’ अशी ओळ घालता येते आणि ती वाचून पुढचा मालक तेवढाच दबाव टाकतो.

ग्रुप सोडू नका. कुणाला बरं नसलं, कुणाचा पेपर असला की ‘माझी शिफ्ट कोणी घेईल का प्लीज’ असं तिथे विचारायचं. तुमच्या जागी माणूस शोधणं हे तुमचं काम आहे. मॅनेजरचं काम ‘कोण येतंय? कन्फर्म करा’ असं लिहिण्याचं.

आणि नियमबियम वाचत बसू नका, उगाच मन खट्टू होतं. वाचलंत तर कळेल की न्यूझीलंडने २०१६ मध्येच कायदा बदलला. किती तास देणार याचा शब्द न देता माणसाला कायम हजर राहायला लावायचं, हे तिथे बंद झालं, आणि ऐनवेळी शिफ्ट रद्द केली तर भरपाईची तरतूद आली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०१७ मध्ये कायदा केला. जगभरात मिळून ५०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या दुकानांना आणि हॉटेलांना तिथे आता १४ दिवस आधी वेळापत्रक द्यावं लागतं. युरोपीय संघाचा २०१९ चा निर्देश सांगतो की बोलावलेलं काम ठरलेली मुदत उलटून गेल्यावर रद्द केलं तर माणसाला मोबदला द्या. यातल्या कुठल्याही ठिकाणी दुकानं ओस पडली नाहीत. कपडे विकले जातात, सेल लागतात, मालक जेवतात.

तेव्हा मालकहो, ‘धंद्यात असं करावंच लागतं’ हे मला पुन्हा ऐकवू नका. करावं लागत नाही. तुम्हाला तसं करणं स्वस्त पडतं म्हणून तुम्ही करता. तेही स्वस्त पडतं का, हा प्रश्नच आहे. कपडे विकणाऱ्या गॅप कंपनीच्या शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही दुकानांत संशोधकांनी कामाचे तास स्थिर करून बघितले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. त्या दुकानांची विक्री सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. साहजिकच आहे. ज्या मुलीला कालच कामावर बोलावलंय तिला कुठला साइज कुठल्या रॅकवर आहे हे माहीत नसतं, आणि गिऱ्हाईक तिच्यासाठी थांबत नाही.

तुमचा सेल कधी लागणार हे तुम्हाला महिनाभर आधी ठाऊक असतं. पोस्टर छापून येतात. मालाचा ट्रक कोणत्या दिवशी येणार तेही ठरलेलं असतं. ट्रकवाल्याला तुम्ही अर्ध्या वाटेत ‘आज नको, रेस्ट घे’ असं कळवत नाही, कारण तो फेरीचे पैसे मागेल. आम्ही मागत नाही, एवढाच फरक आहे. विद्यार्थी आहेत, यांना काय संसार आहे, असं तुम्ही धरून चालता. फी आम्हीच भरतो. खोलीचं भाडं आम्हीच भरतो. नापास झालो तर वर्ष आमचं जातं, तुमच्या सिस्टीमचं नाही. आम्हाला मेहेरबानी नको आहे. वेळापत्रक दोन आठवडे आधी लावा. त्यानंतर बदललंत तर त्याचे पैसे द्या. ऐनवेळी बोलावलंत तर नाही म्हणायची मुभा ठेवा आणि तो नकार डोक्यात ठेवून पुढच्या आठवड्याचे तास कापू नका.

आणि पोरांनो, तुमचंही काही कमी नाही. शिफ्ट रद्द झाल्याच्या मेसेजखाली ओळीने अंगठे पाठवता. मीही पाठवला, पण आता पाठवणार नाही. तिथेच, ग्रुपवर, सगळ्यांसमोर लिहा की मी निघाले होते, भाड्याचे पैसे कोण देणार? मेसेज पुसू नका, तारखेसकट जपून ठेवा. एकटीने विचारलं की तिचे तास जातात आणि ते बाकीच्यांना वाटले जातात, तुम्ही ते मुकाट्याने घेताही. सगळ्या काउंटरने एकाच दिवशी विचारलं तर शनिवारच्या गर्दीत बिलिंगला काय सिस्टीम उभी राहणार आहे?