बर्डीच्या किल्ल्यावर भूत नाही, फौज आहे

सुट्ट्या लागल्या की नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज हमखास फिरतो. मुलांना वाचून दाखवा, इतिहासाची गोडी लागेल, अशी वर शिफारस. खाली दावे असे: भानगड किल्ल्यात भुतं आहेत हे खुद्द सरकारनं पाटी लावून मान्य केलंय, शनिवारवाड्यात दर पौर्णिमेला रात्री ‘काका, मला वाचवा’ ऐकू येतं, आणि आपला सीताबर्डीचा किल्ला वर्षभर बंद असतो तो 1817 च्या लढाईत मेलेल्या शिपायांच्या भुतांमुळे. भुतांशिवाय मुलं इतिहास ऐकतच नाहीत, असा वर सल्लाही.

आधी भानगड. राजस्थानात अलवर जिल्ह्यात हा किल्ला आहे आणि पाटी खरीच आहे, पुरातत्त्व विभागाची. सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर आत जायला मनाई, असं तिच्यावर लिहिलंय. पण लोक तेवढंच वाक्य कापून फोटो पाठवतात. त्याच पाटीवर लाकूडतोड्यांना आणि गुराख्यांना कारवाईचा इशारा आहे आणि केवड्याच्या झाडांना इजा करू नका असंही बजावलंय. भुतांना केवड्याची एवढी काळजी? अंधार पडल्यावर या विभागाच्या बहुतेक वास्तू बंदच होतात. वेरूळलाही संध्याकाळी शिट्ट्या मारून बाहेर काढतात, म्हणून कैलास लेण्यात भूत आहे असं कोणी म्हणत नाही. त्यात भानगड सरिस्काच्या व्याघ्रप्रकल्पाला लागून. रात्री तिथं घाबरायचंच असेल तर वाघाला घाबरा.

शनिवारवाड्याचं फार बोलायला नको. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 ला झाला, तो भर दुपारी. मग किंकाळी पौर्णिमेच्या रात्री कशी? त्यांचाच मुलगा सवाई माधवराव पुढे पेशवा म्हणून त्याच वाड्यात राहिला. कोणी वाडा सोडून पळालं नाही. आतल्या इमारती तर 1828 च्या आगीत जळून गेल्या. आणि या भुताच्या नादात गारद्यांना आत कोणी सोडलं, पैसे कोणी कबूल केले, रामशास्त्र्यांनी कोणाला दोषी धरलं, हे सगळं बाजूला पडतं. भूत आलं की खुनी सुटतो.

आता बर्डी. किल्ला बंद असतो कारण तिथं लष्कर आहे. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी तो लोकांना उघडतात आणि त्या दिवशी लेकराबाळांसकट रांगा लागतात. याच टेकडीच्या अंगाला टेकडी गणपती आहे. तिथं पहाटेपासून रात्रीपर्यंत जी गर्दी असते, तीत एखादं भूत आलंच तर त्यालाही दर्शनाच्या रांगेत उभं राहावं लागेल.

लढाई मात्र खरी. 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. इंग्रजांची माणसं दीड हजाराच्या आत, नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांची त्याच्या कितीतरी पट. टेकड्या दोन, मोठी आणि छोटी. सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली तेव्हा इंग्रजांचं काम संपल्यातच जमा होतं. मग कॅप्टन फिट्झजेराल्डनं थोड्या घोडेस्वारांनिशी खालच्या मैदानात धडक मारली आणि पारडं फिरलं. आज त्या भागात मेट्रो आणि बर्डीचा बाजार आहे. मुलांना तिथं उभं करून ‘छोटी टेकडी कुठली असेल?’ एवढं विचारून बघा.

गंमत अशी की नागपूरचा खरा काळाकुट्ट प्रसंग त्या मेसेजमध्ये नाहीच. त्याच वर्षी, 1 फेब्रुवारीला, नागपूरचे राजे परसोजी भोसले राजवाड्यात अंथरुणात मेलेले सापडले. वडील दुसरे रघुजी जाऊन वर्षही झालं नव्हतं. परसोजी दुबळे, कारभार चुलतभाऊ अप्पासाहेबांच्या हाती, आणि ते त्या वेळी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. गळा दाबल्याचा संशय पुढे त्यांच्यावरच आला. आपल्याकडचा नारायणरावच म्हणा, पण कोणी त्याचं भूत केलं नाही, म्हणून फॉरवर्डही नाही!

राहिला तो सल्ला, भुतांशिवाय मुलं ऐकत नाहीत हा. अहो, नागपूरच्या पोरांना भीतीची काय नवलाई? तान्ह्या पोळ्याला बापाच्या खांद्यावर बसून ती मिरवणुकीतला काळ्या मारबतीचा पुतळा बघतात. केवढं अक्राळविक्राळ धूड ते! ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ओरडतात आणि घरी येऊन पोटभर जेवतात. ही कोण, असं एखाद्या पोरानं विचारलं तर लोक सांगतात, इंग्रजांना मिळालेली बाकाबाई. काळी मारबत 1881 पासून निघते म्हणतात आणि बाकाबाई 1858 मध्येच गेल्या होत्या, तेव्हा या सांगण्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पण बाकाबाई म्हणजे रघुजींची राणी, परसोजींची सावत्र आई. म्हणजे गोष्ट पुन्हा त्या अंथरुणापाशी येते.

तिथून पुढे अप्पासाहेब आहेतच. 1818 मध्ये इंग्रजांनी त्यांना कैद करून अलाहाबादकडे नेलं. वाटेत रात्री शिपायाचा वेश करून ते पहाऱ्यातून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आसऱ्याला राहिले, तिथून असीरगड, मग थेट पंजाब, आणि 1840 मध्ये जोधपूरला वारले. पळून गेल्यावर ते इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. झोपताना ही गोष्ट असीरगडापर्यंत सांगून थांबा. उद्या रात्री पोरं स्वतःहून पुढचं मागतील.