भिंतीवरच्या पेपरने नापास केलेली चांगली लेन्स

गेले काही महिने एक छोटा व्हिडिओ साताऱ्यातल्या फोटोग्राफरांच्या मोबाइलवर फिरतोय. ‘लेन्स शार्प की सॉफ्ट, दोन मिनिटांत ओळखा.’ त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पेपरचं पान भिंतीला चिकटवा, अपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडा, कॅमेरा हातात धरून फोटो काढा आणि ४०० टक्के झूम करून बघा. अक्षरं फुटली तर लेन्स सॉफ्ट, म्हणजे धूसर फोटो देणारी. कोपरे धूसर आले तर डिफेक्टिव्ह. आणि एफ २२ ला, म्हणजे छिद्र अगदी बारीक करूनसुद्धा, शार्प येत नसेल, तर सरळ विकून टाका.

मागच्या महिन्यात कोरेगावकडचा एक पोरगा माझ्या स्टुडिओत आला. लग्नाच्या ऑर्डरी नुकत्याच घ्यायला लागलाय. हातात ५० एमएम एफ १.८ लेन्स (१.८ म्हणजे तिचं सगळ्यात मोठं छिद्र; एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं), तीन महिन्यांपूर्वी घेतलेली. म्हणाला, “काका, सॉफ्ट निघाली. निम्म्या किमतीत गिऱ्हाईक आहे, देऊन टाकू का?” त्याने भिंतीवरच्या पेपरचे फोटो दाखवले. धूसर होते, यात वाद नाही. पण त्या फोटोंवरून लेन्सबद्दल काहीच सांगता येत नव्हतं, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. धूसर फोटोचा ठपका लेन्सवर ठेवण्याआधी हात, फोकस, कागद आणि हवा यांची शंका फेडावी लागते. हा व्हिडिओ त्यातली एकही फेडत नाही.

पहिला मुद्दा, हातात धरून काढलेला फोटो. एक मीटरवरून क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ५० एमएम, अपर्चर एफ १.८. नेहमीच्या हिशेबाने फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटर भरतो. पण तो हिशेब फोटो साध्या आकारात बघणाऱ्यासाठी आहे. पिक्सेल मोजायला बसलात, तर तोच पट्टा अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरवर येतो. फोकस लॉक करून बटण दाबेपर्यंत उभा माणूस त्याहून जास्त पुढेमागे डुलतो. त्यात ट्यूबलाइटच्या उजेडात शटर १/५० सेकंदावर आलं की हाताचा शेकही आला. पोराच्या एका फोटोत तर अक्षरांच्या उभ्या रेघा दुहेरी होत्या आणि आडव्या रेघा स्वच्छ. ही हाताची हालचाल. लेन्स सॉफ्ट असती तर दोन्ही रेघा सारख्याच गढूळ आल्या असत्या.

पेपर वापरायला माझी हरकत नाही, उलट तो चांगलाच. पेपरातल्या रंगीत फोटोचे छपाईचे ठिपके म्हणजे फुकटचा टेस्ट चार्ट. पण पान चार टोकांना चिकटवलं की मधे फुगतं. तो फुगवटा एक सेंटिमीटरचा असला, तरी वर सांगितलेला सगळा पट्टा खाऊन टाकतो. कागद काचेवर किंवा प्लायवर पूर्ण ताणून चिकटवायला हवा. कॅमेरा भिंतीला समांतर आहे की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी पेपरच्या मध्यावर एक छोटा आरसा सपाट चिकटवायचा. व्ह्यूफाइंडरमध्ये आपल्याच लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की कॅमेरा सरळ आहे.

आम्ही तसंच केलं. ट्रायपॉड, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. आधी त्याच्या नेहमीच्या सवयीने, व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकस करून पाच फोटो. पाचही धूसर. मग लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मुख्य सेन्सरवरचं चित्र थेट स्क्रीनवर, चालू केला, स्क्रीनवर दहापट मोठं केलं, फोकस रिंग हाताने फिरवली. एका जागी बातमीचं शीर्षक एकदम उमटून आलं. तिथे थांबून क्लिक केलं. एफ १.८ लाच अक्षरांच्या कडा सुरेख होत्या, आणि एफ ४ वर तर शेजारच्या रंगीत फोटोतले ठिपके सुटे दिसायला लागले. पोरगा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.

म्हणजे काच निर्दोष होती, चुकत होता फोकस. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना मुख्य सेन्सर काम करत नाही. आरशाखाली एक वेगळा फोकस सेन्सर असतो. त्याचं आणि मुख्य सेन्सरचं अंतर किंचित जरी जुळलं नाही, तरी फोकस सतत पुढे किंवा मागे पडतो. यालाच आपण फ्रंट फोकस, बॅक फोकस म्हणतो. काही बॉडीच्या मेनूत हे सुधारायची सोय असते. नसेल तर बॉडी आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला देऊन जुळवून घ्यावी लागतात. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, फोकस मुख्य सेन्सरवरच होतो, त्यामुळे ही भानगड सहसा येत नाही. जुळवणी करून जे काम भागलं असतं, त्यासाठी हा पोरगा निम्म्या किमतीचं नुकसान सोसायला निघाला होता. मला राग येतो तो याचाच.

दुसरा मुद्दा कोपऱ्यांचा. अपर्चर पूर्ण उघडं असताना कोपरे मध्यापेक्षा मऊ येणं हा दोष नाही, बहुतेक लेन्सचा तो स्वभावच आहे. एफ ५.६ किंवा ८ ला ते सावरतात. काही लेन्सचं फोकसचं प्रतल सपाट नसतं, वाटीसारखं वळलेलं असतं. मध्यावर फोकस केला की कोपरा सुटतो, आणि कोपऱ्यावर फोकस केला की तो स्वच्छ येतो. तसा आला तर काचेला दोष देऊ नका.

खरा दोष दिसतो तो असमानतेत. चार कोपरे सारखेच मऊ असतील तर निश्चिंत राहा. तीन ठीक आणि एकच गेलेला असेल, किंवा सगळी डावी बाजू गेलेली असेल, तर आतली एखादी काच मध्यापासून सरकलेली किंवा तिरकी बसलेली असू शकते. खात्री करायची तर कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा करा, अगदी डोक्यावर, आणि आरशाने पुन्हा समांतर करून तोच पेपर परत टिपा. धूसरपणा भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर कागद किंवा मांडणी चुकलीय. कॅमेऱ्याबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेला तर लेन्सच दोषी.

एफ २२ चा सल्ला मात्र निव्वळ चुकीचा आहे, आणि कास पठाराच्या फुलांच्या हंगामात तो जास्त नडतो. छिद्र जितकं बारीक, तितका प्रकाश कडेला वाकून पसरतो. हिरव्या प्रकाशात एफ ५.६ ला एका बिंदूची टिकली सेन्सरवर साधारण ७.५ मायक्रॉनची पडते, एफ २२ ला ती ३० मायक्रॉनच्या आसपास जाते. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरचा एक पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एक बिंदू सात-आठ पिक्सेलभर पसरला. एफ २२ ला कोणतीही लेन्स, कितीही महाग असो, मऊच येणार. पठारावर दवबिंदूच्या झाडाचे चिकट थेंब मॅक्रो लेन्सने अगदी जवळून टिपताना तर छिद्र सांगितलेल्या आकड्याहून आणखी बारीक असल्यासारखं वागतं. लाइफ साइजला, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटताना, एफ २२ म्हणजे जवळपास एफ ४४.

४०० टक्के झूमचा हिशेब एकदा करून बघा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर १०० टक्क्यांना तो साडेपाच फुटांचा होतो. ४०० टक्क्यांना बावीस फूट! पोवई नाक्यावरचा फ्लेक्स दीड फुटावर नाक लावून वाचण्यातला हा प्रकार आहे. आल्बमच्या १२ बाय १८ इंचांच्या पानाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे आल्बमलाही १०० टक्क्यांपलीकडचं काही लागत नाही. तपासायचं तर १०० टक्क्यांवर थांबा, आणि मूळ फाइल बघा. व्हॉट्सॲपने दाबून पाठवलेली नको.

व्हिडिओच्या शेवटी लांबच्या डोंगरावर टेली लेन्स (दूरचं जवळ आणणारी) तपासायला सांगितलंय. एप्रिलच्या दुपारी शहरातून अजिंक्यतारा किल्ल्यावरचे टॉवर टिपून बघा. तापलेल्या पत्र्यांवरून आणि डांबरावरून उठणारी हवा त्यांच्या कडा हलवत राहते, आणि प्रत्येक फोटोत वेगळ्या हलवते. पाऊस पडून गेल्यावर सकाळी तेच टॉवर टिपा, लेन्स दुसरीच वाटेल. आत दिसणाऱ्या धुळीच्या चार कणांनी फरक पडत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात बॅगेत बंद राहून बुरशी धरली, तर मात्र पडतो. टॉर्च मारून जाळं दिसलं की उशीर करू नका.

लेन्स खरोखर खराब निघते, हे मी नाकारत नाही. माझ्या एका मित्राची नवी वाइड झूम डावीकडे मऊ येत होती. दुकानदार दोन वेळा म्हणाला, “सगळ्या अशाच असतात.” मग आम्ही सरळ आणि उलटा असे दोन फोटो काढले. दुसऱ्यात धूसर पट्टा उजवीकडे गेला होता. ते दोन्ही प्रिंट काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले, आणि लेन्स बदलून मिळाली.