अर्बन मायर युटाला वाऱ्यावर सोडून गेले नव्हते

‘2004 मध्ये फ्लोरिडाने पैसे दाखवताच अर्बन मायर यांनी युटा विद्यापीठाचा संघ ऐन मोसमात सोडला’ असा मजकूर फिरतो आहे. (मायर तेव्हा युटाच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होते; फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकी, लांबट चेंडूचा.) हा मजकूर अर्धाच खरा आहे.

मायर यांच्या हातात तेव्हा दोन विद्यापीठांची निमंत्रणं होती, फ्लोरिडा आणि नोत्र दाम. नोत्र दाममध्ये ते पूर्वी सहायक प्रशिक्षक होते. तिथे जायचं ठरलं तर भरपाई न देता युटा सोडता येईल, अशी सोय करारातच होती. त्यामुळे ते तिकडेच जाणार असं सगळे धरून चालले होते. त्यांनी फ्लोरिडा निवडलं. 7 वर्षं, 1 कोटी 40 लाख डॉलर. पैसा होताच, नाही कशाला म्हणा! पण फ्लोरिडाचे अध्यक्ष बर्नी मेचन हे आधी युटाचेच अध्यक्ष होते, जुनी ओळख होती.

आणि ‘सोडला’ म्हणाल, तर निर्णय डिसेंबरच्या सुरुवातीला जाहीर झाला, तोवर साखळी सामने संपले होते. 1 जानेवारी 2005 च्या फिएस्टा बोल या मोसमाअखेरच्या सामन्यात युटाच्या बाजूला मायरच उभे होते. युटाने पिट्सबर्गला 35-7 असं धुतलं आणि मोसम 12-0 असा अपराजित संपवला.