बर्डीच्या टेकडीखाली ज्वालामुखी नाही

गेल्या आठवड्यात नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मावशीने रात्री साडेदहाला फोन करून विचारले, "घर आत्ताच विकून टाकावे का रे?" तिच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर आलेला संदेश मला तोवर आणखी तीन जणांकडून मिळाला होता. सीताबर्डीची टेकडी हे सुप्त ज्वालामुखीचे मुख आहे, नागपूरचा उन्हाळा खालच्या लाव्ह्यामुळे तापतो, लोणारचे सरोवर हे त्याचेच दुसरे तोंड आहे आणि अधूनमधून जाणवणारे सौम्य धक्के म्हणजे तो जागा होत असल्याची खूण, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईची झोप उडवणारा हा मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी कोणालाही क्षणभर थांबावेसे वाटले नाही, याचा मला मनस्वी राग आहे.

उन्हाळ्याचा मुद्दा सर्वांत निरर्थक आहे. मावशीच्या परसात जुनी विहीर आहे. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांवर असतानाही पोहरा वर ओढला की पाणी हाताला गार लागते. खाली लाव्हा धगधगत असता, तर सर्वांत आधी तीच विहीर तापली असती. पृथ्वीच्या पोटातून जमिनीच्या एका चौरस मीटरला सरासरी ०.१ वॅटहूनही कमी उष्णता मिळते, तर मे महिन्यातल्या दुपारचे ऊन तेवढ्याच जागेवर हजार वॅटच्या आसपास उष्णता ओतते. नागपूर तापते ते समुद्रापासून दूर असल्यामुळे, निरभ्र आकाशामुळे आणि वायव्येकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यामुळे.

टेकडीचा खडक लाव्ह्याचाच आहे, एवढे मात्र मान्य करावे लागते. नागपुरातल्या गिट्टीखदान वस्तीचे नावच ज्या काळ्या दगडावरून पडले, तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून आलेल्या लाव्ह्याचा थर आहे. परंतु दख्खनचा हा लाव्हा शंकूच्या आकाराच्या डोंगरातून उसळलेला नसून जमिनीच्या लांबलचक भेगांमधून निघून दूरवर पसरलेला आहे, आणि नागपूर त्या पसाऱ्याच्या पूर्वेकडील काठावर येते. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी १८५५ साली प्रसिद्ध केलेल्या नागपूर परिसराच्या भूशास्त्रीय वर्णनात या खडकाशी निगडित गोड्या पाण्यातल्या गाळाच्या थरांची आणि त्यांतील शंख-शिंपल्यांची नोंद आहे. नागपुरातल्या टाकळीचे असे थर अभ्यासकांना आजही परिचित आहेत. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये असा गाळ सापडतो, याचा अर्थ मधल्या काळात जमीन थंड झाली, तळी साचली आणि त्यांत गोगलगायी नांदल्या. शेवटचा थर निवाल्यावर काम सुरू झाले ते ऊन-पावसाचे. रस्त्यासाठी कापलेल्या एखाद्या कडेला दगडाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले दिसतात, बोटाने दाबले की त्यांचा मुरूम होतो आणि मुरुमाची पुढे काळी माती होते. बर्डीची टेकडी खालून वर आलेली नाही. आजूबाजूचा खडक झिजून वाहून गेला आणि ती मागे उरली.

लोणारचा खड्डा अशनीच्या आघाताने झाला आहे. प्रचंड आघाताशिवाय तयार न होणारी काच तिथल्या खडकात सापडलेली आहे, त्यामुळे तो वाद मिटलेला आहे.

धक्क्यांविषयी मात्र मी मावशीला खोटा दिलासा दिला नाही. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो, त्याचा ताण जुन्या भेगांवर साठतो आणि त्यातून १९९३ सालच्या किल्लारीसारखा किंवा २२ मे १९९७ च्या जबलपूरसारखा भूकंप दख्खनच्या पठारावर आणि त्याच्या शेजारीही होऊ शकतो. त्याचा ज्वालामुखीशी काहीही संबंध नाही. किल्लारीत माणसे दगावली ती प्रामुख्याने दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळून. मावशीच्या घराची मागची भिंत तशीच, दगड-मातीची आहे. म्हणून घर विकण्याचा विचार सोडून ती भिंत दिवाळीपूर्वी चांगल्या अभियंत्याला दाखव, असे मी तिला सांगितले आणि येत्या रविवारी मी स्वतः त्याला घेऊन जाणार आहे.